ताई, तुझी मिनिटं कुठे गेली



निकालाचा स्क्रीनशॉट पाठवलास आणि खाली लिहिलंस, "स्लेडने घात केला. आता सहा महिने धावणं बंद, फक्त वजनं." त्यावर व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुला विचारूनच ते उघडं लिहितो आहे, कारण तुझ्याबरोबर उतरलेल्या जिममधल्या मैत्रिणींचंही म्हणणं थोड्याफार फरकाने हेच होतं. आमच्या नाशिकच्या धावणाऱ्या मंडळींतही पहिल्यांदा हायरॉक्स करून आलेला माणूस असंच बोलतो. जिथे सगळ्यात जास्त जीव गेला, तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला असं प्रत्येकाला वाटतं. तुझा तक्ता मी नीट बसून वाचला. त्यात तसं काही दिसत नाही.

आई हे वाचणार आहे आणि "ती नेमकी कसली शर्यत होती" हा तिचा प्रश्न अजून तसाच आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. क्रिस्टियान टोट्झके आणि मोरित्झ फ्युर्स्टे या दोघांनी २०१७ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये हायरॉक्स उभं केलं आणि २०१८ मध्ये पहिली शर्यत तिथेच घेतली. फ्युर्स्टे म्हणजे बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये जर्मनीसाठी हॉकीचं सुवर्ण जिंकणारा खेळाडू. हॉकी इंडिया लीगमध्ये तो रांचीकडून आणि पुढे कलिंगा लान्सर्सकडून खेळला, तेव्हा आपल्याकडच्या हॉकीवाल्यांना तो परका नाही. भारतात ही शर्यत पहिल्यांदा झाली ती मे २०२५ मध्ये, ताई जिथे उतरली त्या मुंबईतच.

एक किलोमीटर पळायचं आणि एक कसरत करायची, असं आठ वेळा. कसरतींचा क्रम जगभर तोच: स्कीअर्ग नावाच्या यंत्रावर १००० मीटर, मग वजन लादलेली स्लेड ५० मीटर ढकलणं, ५० मीटर स्लेड ओढणं, ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप, १००० मीटर रोइंग, दोन हातांत केटलबेल घेऊन २०० मीटर चालणं, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस, आणि शेवटी १०० वॉल बॉल, म्हणजे बैठक मारून भिंतीवर बॉल फेकणं. ताई ज्या ओपन महिला गटात होती तिथे ढकलायची स्लेड १०२ किलोची असते, ओढायची ७८ किलोची. केटलबेल १६-१६ किलोच्या, पिशवी १० किलोची, बॉल ४ किलोचा. आई, हे सगळं तुझ्या लेकीने एका दमात केलं, १ तास ४५ मिनिटं १५ सेकंदांत. एक्केचाळिसाव्या वर्षी, बँकेची नोकरी आणि घर सांभाळून. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि म्हणूनच तिने त्यातून चुकीचा धडा घेऊ नये असं वाटतं.

आता तुझ्याशी बोलतो, ताई.

तुझ्या वेळेचे तीन भाग पडतात. आठ किलोमीटर पळण्यात ५४:१२ गेले. आठ कसरतींत मिळून ४१:४५. आणि ट्रॅक आणि कसरतीच्या जागा यांच्या मधल्या पट्ट्यात, ज्याला रॉक्सझोन म्हणतात, ९:१८. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ तू पळत होतीस. जी गोष्ट तू सहा महिने बंद करायला निघाली आहेस, तीच या शर्यतीचा मोठा हिस्सा आहे.

स्लेड ढकलायला तुला लागले ३:२५. सगळे मिळून. समज, उद्या कुणी तुझ्यासाठी ती स्लेड जादूने पलीकडे नेऊन ठेवली आणि तुला शून्य सेकंद लागले, तरी तुझे वाचतील ते ३ मिनिटं २५ सेकंद. रॉक्सझोनमधला वेळ नुसता निम्मा केलास तर वाचतील ४ मिनिटं ३९ सेकंद, आणि त्यासाठी अंगात एक किलोचीही ताकद वाढवावी लागणार नाही. हे गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, कारण मलाही ते पटकन खरं वाटेना.

माझ्याकडचा व्हिडिओ पाहा म्हणजे पटेल. स्लेड ओढून संपल्यावर तू बाहेर आलीस, दोन्ही हात कमरेवर ठेवून वर छताकडे पाहिलंस. मग चालत पाण्याच्या टेबलाशी गेलीस, अर्धा ग्लास प्यायलीस, उरलेलं मानेवर ओतलंस. केसांचं रबर काढून दाताखाली धरलंस, केस पुन्हा घट्ट बांधलेस, आणि मग कुठे ट्रॅककडे वळलीस. तुला तो सगळा वेळ दोन श्वासांचा वाटला असेल. व्हिडिओत तो ४७ सेकंदांचा आहे. थकलेल्या माणसाला थांबल्याचं भान राहत नाही, ते वेळ मोजणाऱ्या चिपला राहतं. असं प्रत्येक कसरतीच्या आधी आणि नंतर थोडं थोडं झालं. चालण्याऐवजी अगदी हळू का होईना, पळत राहिलीस तर पाय पुढच्या किलोमीटरसाठी तयार राहतात.

मग पहिला किलोमीटर. ५:३२.

पुण्यात तू दहा किलोमीटर एका तासात पळतेस, म्हणजे ताज्या पायांनी, नुसतं पळायचं असताना तुझा पेस किलोमीटरला ६:०० चा. त्या दिवशी पुढे पावणेदोन तासांचं काम पडलेलं असताना तू २८ सेकंद जास्त वेगाने सुटलीस. का, ते मला माहीत आहे. वेव्ह, म्हणजे एकत्र सोडलेली तुकडी, सुटताना तो दणदणीत आवाज, दिव्यांचा बोगदा, आजूबाजूला पंचवीस-तिशीच्या मुली. आणि तू मूळची ८०० मीटरची धावपटू. शाळेत असताना जिल्ह्याला तुला पळताना मी पाहिलेलं आहे: पहिल्या वळणाला पुढे जायचं आणि मग कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. दहावीनंतर बूट सुटले, पण ती सवय अंगात राहिली. ८०० मीटरला ती सवय चालते, कारण अंगात आग पेटेपर्यंत शर्यत संपलेली असते. इथे आग पेटल्यावर सात किलोमीटर आणि आठ कसरती बाकी असतात. सुरुवातीलाच मर्यादेच्या वर गेलं की स्नायूंत जे साचतं ते निचरून जायला शरीराला हलका काळ लागतो, आणि या शर्यतीत हलका काळ कुठे ठेवलेलाच नाही. तो आपण स्वतः राखून ठेवायचा असतो.

त्यावर लगेच स्कीअर्ग, ५:२०. तुला हा आकडा आवडला होता. मला तोच सगळ्यात महाग वाटतो. स्कीअर्ग आणि रोइंगचं यंत्र, दोन्ही अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या कॉन्सेप्ट टू कंपनीची. त्यांच्या हिशेबात लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ५०० मीटरला २:४० या तुझ्या पेसला साधारण ८५ वॅट लागतात. २:३० करायचे तर १०४. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त जोर लावून १००० मीटरमागे हाती येतात जेमतेम २० सेकंद. उलट बाजूने बघ: २:५० ने गेली असतीस तर २० सेकंद गेले असते, पण काम ७१ वॅटवर आलं असतं. त्या दोन यंत्रांवर वेळ कमावायला जायचं नसतं, दम राखायला जायचं असतं. जास्तीचा जोर तिथे स्वस्तात जातो आणि परत मिळत नाही.

स्लेडवर तू खरं तर छान काम केलंस. कंबर खाली, हात ताठ, पावलं छोटी. शेवटच्या साडेबारा मीटरमध्ये दोनदा थांबलीस तेवढंच. आणि एक लक्षात ठेव: स्लेडचा आकडा एका शहरातून दुसऱ्या शहरात जसाच्या तसा नेता येत नाही. वजन तेच असलं तरी खालचा गालिचा कुठे गुळगुळीत, कुठे चिकट असतो, आणि त्याने मिनिटभराचा फरक सहज पडतो. तुझ्या मैत्रिणीच्या दिल्लीच्या स्लेडशी आपली मुंबईची स्लेड जोडून मन खट्टू करून घेऊ नकोस.

स्लेडने तुझं नुकसान केलं, पण ते ३:२५ मध्ये दिसत नाही. ते त्यानंतरच्या किलोमीटरमध्ये दिसतं. दुसरा किलोमीटर ६:१०, तिसरा ६:५८. ओढण्यानंतरचा चौथा ७:०५. बर्पीनंतरचा पाचवा ७:१२. वाण्याकडे माल उचलताना उधारीचा आकडा डोळ्यांना बोचत नाही, महिनाअखेर वही उघडली की कळतो. या शर्यतीत कसरती उधारीवर होतात आणि वही उघडते ती ट्रॅकवर. म्हणून कुठल्याही कसरतीचा आकडा एकटा वाचू नकोस. तिच्या पुढचा किलोमीटर शेजारी ठेवून वाच. एखाद्या कसरतीत १५ सेकंद मिळवून पुढच्या किलोमीटरला ४० सेकंद घालवले असतील, तर ते मिळवणं नव्हतं.

आता मी तुला तक्त्यातली ती जागा दाखवतो, ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं.

सहावा किलोमीटर ६:५२. सातवा ६:४८.

सव्वा तास उलटून गेला होता. दोन्ही स्लेड झाल्या होत्या, ऐंशी मीटर बर्पी झाल्या होत्या, आणि तू तिसऱ्या किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळत होतीस. ज्या बाईची ताकद संपली आहे, जिचं, तुझ्याच शब्दांत, "वय झालं" आहे, ती सातव्या किलोमीटरला वेग वाढवत नाही. मधे काय घडलं होतं? रोइंग. ते तू ५:३५ मध्ये केलंस, सुमारे ७४ वॅटने, म्हणजे स्कीअर्गपेक्षा सावकाश. बसायला मिळालं, श्वास जागेवर आला, आणि पुढचा किलोमीटर वीस सेकंदांनी सुधारला. नंतर केटलबेल घेऊन २०० मीटर २:२५ मध्ये, एकदाही खाली न ठेवता. तिथे तुझ्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा शांतपणा दिसला. शर्यतीच्या मधोमध वीसेक मिनिटं तू अगदी योग्य शर्यत पळलीस, कुणी न सांगता. पुढच्या वेळी ती पहिल्या पावलापासून पळायची आहे.

मग खरा तोटा कसरतींत कुठे, म्हणशील. स्लेड ओढण्यात. ५:५०, आणि तो ताकदीचा प्रश्न वाटला तरी तो पद्धतीचा आहे. तू जागेवर उभी राहून नुसत्या दंडांनी दोर खेचत होतीस. दंड लहान स्नायू, लवकर मरतात. दोर हातांत घट्ट धरून, हात सरळ ठेवून, अंगाचं वजन मागे टाकत दोन-तीन पावलं मागे चालायचं. मग दोराची ढील गोळा करत पुढे यायचं आणि पुन्हा मागे. चौकोनाची मागची रेघ ओलांडायची नाही एवढं सांभाळायचं. शिवाय ओढलेला दोर तुझ्या पायांतच साचत गेला. तिसऱ्या फेरीत तू त्यावर पाय देऊन उभी होतीस आणि तोच खेचायला बघत होतीस. खेचताना दोर एका बाजूला टाकायचा, प्रत्येक वेळी त्याच बाजूला. एवढ्याने मिनिटभर कमी होईल असं मी खात्रीने म्हणतो.

बर्पीला ७:१० लागले. त्याला हात लावू नकोस. एका लयीत गेलीस, थांबली नाहीस, पाऊल चुकलं नाही. लांब उडी मारायचा मोह टाळलास हे उत्तम.

लंजेसनंतरचा आठवा किलोमीटर ७:३५, सगळ्यात संथ. मांड्या गेल्या होत्या हे दिसतच होतं. त्यात एक भाग जेवणाचाही आहे. तुझी वेव्ह दुपारची होती आणि सकाळी सातला पोहे खाल्ल्यावर तू पोटात काही घातलं नव्हतंस. पावणेदोन तास अंग मोडून काम करायचं असेल तर सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी नीट भात किंवा पोळी हवी, आणि अर्धा-पाऊण तास आधी एखादं केळं. शेवटचे दोन किलोमीटर त्यावर ठरतात.

वॉल बॉलवर तू पहिले बावीस सलग मारलेस. गर्दीने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यानंतर मात्र प्रत्येक सहा-सातला थांबलीस, आणि थांबताना बॉल छातीशी धरून उभी राहिलीस, म्हणजे विश्रांतीतही हात काम करत राहिले. पंचांनी काही वेळा मोजणी थांबवली ती बैठक पुरती खाली न गेल्यामुळे. ते फेकलेले बॉल फुकट गेले. ६:४० लागले. पहिल्यापासून दहा-दहाचे संच, मधे बॉल खाली ठेवून तीन श्वास, पुन्हा दहा. पहिल्या दहाला तुला ते फार सोपं वाटेल. वाटू दे.

तू म्हणशील, मग ताकद नकोच का? हवी. प्रो गटातल्या अव्वल बायका १५२ किलोची स्लेड ढकलून, २४-२४ किलोच्या केटलबेल उचलून तासाच्या आत शर्यत संपवतात. त्यांच्याकडे ताकद आहेच, पण त्यांचं धावणं पाहा: पहिला आणि सातवा किलोमीटर शेजारी ठेवले तर फरक फारसा सापडत नाही. थकल्या पायांनी पळणं ही वेगळी कला आहे आणि ती फक्त थकल्या पायांनी पळूनच येते. जिममध्ये बसून येत नाही, ताज्या पायांनी रोज पळूनही येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की वजनं आठवड्यात दोनच दिवस ठेव. पाच दिवस डेडलिफ्ट करायला लागलीस तर दिवसभर खुर्चीत बसून आधीच कुरकुरणारी तुझी कंबर तिसऱ्या महिन्यात हात टेकेल, याची मला खरोखर काळजी वाटते. उरलेल्या दिवसांत पळ. एक दिवस टेकडीवर लांब आणि अगदी सावकाश. एक दिवस जरा जोरात, वीसेक मिनिटं, दम लागेल पण तुटणार नाही अशा पेसने. आणि एक दिवस मिश्र: किलोमीटर पळायचं, लगेच वीस-तीस लंजेस किंवा बर्पी, आणि उठल्या उठल्या, पाणी न पिता, कमरेवर हात न ठेवता पुन्हा पळायला सुटायचं. घड्याळ कसरतीचं लावू नकोस, त्या उठण्याचं लाव. तुझ्या जिममध्ये स्लेड नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पर्वतीच्या पायऱ्या आहेत.

पुढच्या शर्यतीसाठी मी आकडे मांडून ठेवले आहेत. आठही किलोमीटर ६:३० ने, म्हणजे ५२ मिनिटं. ताज्या पायांच्या पेसपेक्षा अर्धा मिनिट सावकाश, तुला नवीन वेग कमवायचा नाही. रॉक्सझोन ६ मिनिटं. स्लेड ओढणं ४:५०, वॉल बॉल ५:५०. बाकी कसरती आहेत तशाच, स्लेडसकट. बेरीज होते १:३७:५५. सात मिनिटं वीस सेकंद कमी, आणि त्यातली साडेपाच मिनिटं पळण्यातली आणि रॉक्सझोनमधली. यात तुझ्या वयाचा एकही सेकंद मी धरलेला नाही, कारण तक्त्यात तो मला सापडला नाही.

धावणं तुला लहानपणापासून येतं, म्हणून ते कमवायची गोष्ट आहे असं तुला वाटतच नाही. हीच अडचण आहे. जे येत नाही त्याच्या मागे तू जिद्दीने लागतेस आणि जे तुझं आहे ते गृहीत धरतेस. जिल्ह्याच्या त्या मैदानावर तू पळायचीस तेव्हा शेवटच्या वळणाला तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मुंबईत मला सातव्या किलोमीटरला परत दिसलं. ते सहा महिने बंद ठेवू नकोस.

पुढच्या रविवारी मी पुण्यात आहे. सकाळी सहाला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी ये. दहा किलोमीटर, गप्पा मारत. बोलताना वाक्य मधेच तुटलं तर पेस कमी करायचा, माझं तुटलं तरी आणि तुझं तुटलं तरी. खाली उतरल्यावर त्या दोराची पद्धत तुला दाखवतो. गाडीत जुना दोर आणि टायर टाकून आणतोय.

तुझा धाकटा भाऊ